स्पोर्ट्स सेडानसाठी एक्झॉस्ट निवडताना: सुरुवात टॅकोमीटरपासून करा

नवा एक्झॉस्ट घ्यायचं डोक्यात आलं की बहुतेक जण आधी व्हिडिओ बघतात. बोगद्यातून सुसाट निघालेली गाडी, पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर, सात हजार आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला सात हजार फेऱ्यांना) चढलेला आवाज. अंगावर काटा येतो, यात शंका नाही. पण वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला असताना, काचा बंद करून दीड-दोन तास चाललं की गाडीच्या आत काय ऐकू येतं, हे त्या व्हिडिओत कळत नाही. आणि सेडान ही तर माणसं बसवून लांब न्यायची गाडी. हौसेनं बसवलेला एक्झॉस्ट पुढे काढून टाकणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. ताकद कमी वाढली म्हणून काढणारा त्यात क्वचितच असतो. आतला घुमणारा आवाज सोसवत नाही, मागे बसलेल्यांचं डोकं दुखतं, म्हणून तो उतरवला जातो.

त्यामुळे इथे क्रम थोडा वेगळा ठेवला आहे. ब्रँड, धातू, टिपांचा (पाइपाच्या मागून दिसणाऱ्या तोंडांचा) आकार हे सगळं नंतर. आधी तुमची गाडी रोज कुठल्या आरपीएमला चालते ते पाहू.

पायरी १: रोजचा आरपीएम लिहून काढा

आठवडाभर टॅकोमीटरकडे (आरपीएम दाखवणाऱ्या काट्याकडे) लक्ष ठेवा आणि तीन आकडे टिपा: तुमच्या नेहमीच्या वेगाला सर्वांत वरच्या गिअरमधला आरपीएम, त्याच वेगाला एक गिअर खाली असतानाचा आरपीएम, आणि हलक्या चढावर गिअर न बदलता गाडी ओढत असतानाचा आरपीएम. तिसरा आकडा महत्त्वाचा, कारण कमी आरपीएमला इंजिनावर ओझं पडलं की घुमारा सगळ्यात जास्त उठतो.

आता थोडा हिशोब. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) एका फेरीत दोन सिलिंडर पेटतात. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे एक्झॉस्टमधून सेकंदाला १०० धक्के, म्हणजेच १०० हर्ट्झचा आवाज. सहा सिलिंडरच्या इंजिनात हेच १०० हर्ट्झ २००० आरपीएमला येतात, आठ सिलिंडरमध्ये १५०० ला. आरपीएमला ६० ने भागा आणि सिलिंडरच्या निम्म्या संख्येनं गुणा, एवढंच सूत्र. शंभराच्या आसपासचे हे खालचे सूर बंद केबिनमध्ये आणि डिकीच्या पोकळीत सापडले की छत, मागची काच, डिकीचा पत्रा सगळं त्यांच्याबरोबर थरथरू लागतं. त्यालाच ड्रोन म्हणतात. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो आणि रेडिओ मोठा केला तरी झाकला जात नाही.

तुमच्या तीन आकड्यांचे हर्ट्झ काढून ठेवा. पुढे विक्रेत्याशी बोलताना ते कामाला येतात.

पायरी २: कायदा आणि मोजमाप

हे खरेदीच्या आधी बघायचं काम आहे, बसवल्यानंतरचं नव्हे. जवळपास सगळीकडे दोन वेगवेगळे नियम असतात, एक आवाजाचा आणि दुसरा धुराचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू निवळवणाऱ्या भागाच्या) मागचा, म्हणजे सायलेन्सरकडचा भाग बदलला तर सहसा आवाजाचाच प्रश्न येतो. खुद्द कन्व्हर्टरला हात लावलात की धुराचा नियम लागू होतो आणि तिथे सवलत फार कमी. काही देशांत तर मूळ सायलेन्सर बदलण्यावरच बंदी किंवा कडक अटी आहेत. तुमच्या भागातल्या वाहन तपासणीचे नियम मुळातून वाचा. विक्रेत्याच्या “काही होत नाही” या वाक्यावर विसंबू नका.

बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा ५९ क्रमांकाचा नियम आहे. तो मानणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या सायलेन्सरवर वर्तुळात ई हे अक्षर आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा कोरलेला असतो. ती मंजुरी ठरावीक मॉडेल आणि ठरावीक इंजिनापुरतीच असते, म्हणून शिक्का दिसला तरी सोबतच्या कागदात आपली गाडी आहे का ते तपासा.

डेसिबलचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. ही मोजपट्टी सरळ चढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. उभ्या गाडीच्या चाचणीत मायक्रोफोन टिपेपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ठेवतात. जाहिरातीतला आकडा किती अंतरावरून आणि किती आरपीएमला मोजला ते दिलं नसेल तर त्याला काही अर्थ नाही.

पायरी ३: कुठून पुढे बदलायचं

इंजिनापासून मागे येत गेलं तर आधी मॅनिफोल्ड किंवा हेडर (सिलिंडरांमधला धूर गोळा करणारे पाइप), टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) असेल तर टर्बो, मग तिथून खाली उतरणारा डाउनपाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, रेझोनेटर (ठरावीक सूर दाबणारा छोटा डबा), मधला पाइप, मागचा सायलेन्सर आणि शेवटी टिपा.

ॲक्सल-बॅक म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर आणि टिपा. आवाज बदलतो, ताकदीत फरक नसल्यात जमा. मूळ रेझोनेटर जागेवर राहत असल्यानं घुमाऱ्याचा धोका सर्वांत कमी, आणि मन बदललं तर अर्ध्या दिवसात सगळं पूर्ववत. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याला मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.

कॅट-बॅक म्हणजे कन्व्हर्टरच्या मागचं सगळं. ऑक्सिजन सेन्सर या बदललेल्या भागाच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला राहतात, त्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागण्याचं कारण नाही. वजन थोडं कमी होतं, आवाजाचा पोत पूर्ण बदलतो, ताकद थोडीशी वाढू शकते. ती वाढ सीटवर बसून कळेल इतकी क्वचितच असते.

डाउनपाइप आणि हेडर हा वेगळाच प्रांत. टर्बो गाडीत खरी ताकद इथे सापडते, कारण टर्बाइनच्या (टर्बोतल्या धुरानं फिरणाऱ्या चाकाच्या) मागे दाब जितका कमी तितकी ती मोकळेपणी फिरते. पण बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर डाउनपाइपमध्येच असतो. तो काढला किंवा कमी प्रतीचा बसवला की मागचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, पी०४२० हा कोड येतो, इंजिनाचं ट्यूनिंग (संगणकातली जुळणी) करावं लागतं आणि धुराच्या चाचणीत गाडी नापास होते. कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम जे विष थोपवतात ते मागून चालणाऱ्यांच्या श्वासात जातं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर काढू नये, या मताशी मी ठाम आहे.

पायरी ४: आपलं इंजिन ओळखा

आवाजाचा मूळ स्वभाव इंजिन ठरवतं. एक्झॉस्ट तो फक्त मोकळा करतो किंवा दाबतो. चार सिलिंडरमधून आठ सिलिंडरचा आवाज कुठलाही सायलेन्सर काढू शकत नाही.

याचं सुंदर उदाहरण सुबारू डब्ल्यूआरएक्सचं. तिचा तो प्रसिद्ध गडगडाट बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) इंजिनाइतकाच असमान लांबीच्या हेडर-पाइपांमुळे येत असे. एका बाजूचे धक्के टर्बोपर्यंत उशिरा पोचत आणि ताल तुटक होई. २०१५ च्या मॉडेलमध्ये नवं इंजिन आलं, पाइपांची लांबी समान झाली आणि इंजिन बॉक्सर राहूनही गडगडाट गेला. अशा गाडीला मागे कितीही मोठा सायलेन्सर लावला तरी जुना ताल परत येत नाही.

व्ही-६ इंजिनं चिरक्या, पत्रा वाजल्यासारख्या आवाजाकडे झुकतात. निस्सान आणि इन्फिनिटीच्या व्हीक्यू मालिकेतली ३.५ आणि ३.७ लिटरची इंजिनं यासाठी ओळखली जातात. इथे दोन्ही बाजूंचे पाइप जोडणारा एक्स-पाइप आणि चांगला रेझोनेटर असलेलाच संच घ्यावा. क्रॉसप्लेन (क्रँकची वळणं एकमेकींना काटकोनात असलेल्या) व्ही-८ मध्ये एक्स-पाइपनं आवाज गुळगुळीत आणि थोडा वरच्या पट्टीत जातो, एच-पाइपनं (दोन पाइपांमधल्या आडव्या जोडनळीनं) मूळची गुरगुर जास्त टिकते. सरळ रेषेतलं सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच गोड वाजतं, तिथे कमीत कमी ढवळाढवळ करावी. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बाइन स्वतःच बराच आवाज गिळते, म्हणून तोच सायलेन्सर नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) गाडीवर जास्त मोठा वाजतो.

पाइपाच्या जाडीबद्दल दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक, जितका मोठा पाइप तितकी ताकद. दोन, इंजिनाला बॅकप्रेशर (एक्झॉस्टमधून उलटा येणारा दाब) लागतंच. अडथळा कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो धुराचा वेग. ठरावीक वेगानं निघालेला धक्का आपल्यामागे कमी दाबाची पोकळी सोडतो आणि ती पुढच्या सिलिंडरमधला धूर ओढून घेते. पाइप अडीच इंचावरून तीन इंच केला की आतलं क्षेत्रफळ साधारण ४४ टक्क्यांनी वाढतं. नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनात एवढ्यानं वेग मंदावून खालच्या आरपीएमची ओढ कमी होऊ शकते, आणि आवाज मात्र हमखास वाढतो. टर्बोच्या मागे मोठा पाइप चालतो, पण ताकद वाढवलेली नसेल तर तीन इंचाची गरज सहसा नसते.

पायरी ५: सायलेन्सरच्या पोटात काय आहे

याच पायरीवर घाई करू नका. बाहेरून सगळे सायलेन्सर सारखेच चकचकीत दिसतात.

स्ट्रेट-थ्रू प्रकारात भोकं पाडलेली नळी सायलेन्सरमधून आरपार जाते आणि तिच्याभोवती काचतंतू, बेसॉल्ट किंवा स्टीलचा लोकरीसारखा थर भरलेला असतो. धुराला अडथळा जवळजवळ नाही. हा थर वरचे, चिरके सूर छान शोषतो, पण खालचे घुमणारे सूर त्याला तितकी दाद देत नाहीत. शिवाय तो उष्णतेनं हळूहळू जळतो, उडून जातो आणि आवाज वर्षागणिक वाढत जातो. नवा असताना “अगदी काठावर” वाटणारा एक्झॉस्ट पुढे काठ ओलांडतो, हे गृहीत धरूनच निवडा. पुन्हा भरता येणारा सायलेन्सर असेल तर उत्तम.

चेंबरच्या प्रकारात आत कप्पे असतात आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मावळतात. खालचे सूर हा जास्त चांगले दाबतो; बदल्यात अडथळा थोडा वाढतो, वजनही.

घुमाऱ्यावरचा नेमका उपाय म्हणजे रेझोनेटर, आणि त्यातही एका ठरावीक सुरासाठी बसवलेली बंद तोंडाची नळी. मुख्य पाइपातून लाट त्या नळीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते आणि उलट्या पावलानं मूळ लाटेला भेटून तिला पुसून टाकते. नळीची लांबी लाटेच्या एक चतुर्थांश हवी. साधारण ३०० अंश सेल्सिअस तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास असतो. १२० हर्ट्झचा घुमारा मारायचा तर ४८० भागिले १२०, म्हणजे चार मीटरची लाट, तिचा चौथा भाग एक मीटर. १०० हर्ट्झला १.२ मीटर. पहिल्या पायरीत काढलेले हर्ट्झ इथे कामाला येतात. उत्पादकाला सरळ विचारा: तुमचा रेझोनेटर माझ्या गाडीत किती आरपीएमचा घुमारा मारण्यासाठी बांधला आहे? ज्यानं खरोखर काम केलं आहे तो आकडा सांगतो. “ड्रोन अजिबात नाही” एवढंच ज्याला म्हणता येतं, त्याच्याकडे बहुधा मोजमाप नसतं.

रेझोनेटर कापून तिथे सरळ पाइप जोडण्याचा स्वस्त उपाय खूप जण सुचवतात. करू नका. कारखान्यानं तो भाग नेमक्या याच त्रासासाठी बसवलेला असतो.

झडप असलेले एक्झॉस्ट सेडानला खूप शोभतात: झडप बंद असताना शांत, उघडली की मोकळा. मूळ गाडीतच झडप असेल तर नवा संच मूळ मोटर वापरू देतो का ते बघा. नाहीतर मोटर जागेवर नाही म्हणून गाडीचा संगणक दोष दाखवत राहील. झडप नेहमीच्या वेगाला नक्की बंद राहते ना, हेही विचारून घ्या.

ॲक्सिलरेटर सोडताना होणारे फटाके हवे असतील तर ते नुसता एक्झॉस्ट बदलून मिळत नाहीत. ते ट्यूनिंगचं काम असतं. इंधन मुद्दाम पाइपात जाळलं जातं आणि कन्व्हर्टर त्यात लवकर मरतो.

पायरी ६: धातू आणि बनावट

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. छोट्या अंतरात पाइप पुरेसा तापत नाही, ते पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचतं आणि तो आतून गंजतो. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल तर धातूवर पैसे वाचवू नका.

ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं स्टील सर्वांत स्वस्त. मुलामा खरवडला किंवा वेल्डिंगच्या झाळीजवळ जळला की तिथून गंज सुरू होतो. ४०९ स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं. वरून तांबूस होतं पण लवकर भोक पडत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ते वर्षानुवर्षं टिकतं. खिशात लोहचुंबक ठेवा: ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ च्या सरळ भागाला जवळजवळ नाही. वाकवलेल्या जागी ३०४ सुद्धा थोडं ओढतं, तेवढ्यावरून विक्रेत्याला खोटं ठरवू नका. टायटॅनियमची घनता पाण्याच्या ४.५ पट आणि स्टीलची ८ पटीच्या आसपास, त्यामुळे वजन खूप उतरतं. पण पातळ टायटॅनियम जास्त धारदार, धातूच्या झंकारासारखं वाजतं आणि त्याची दुरुस्ती कुठल्याही वेल्डरला जमत नाही. रोजच्या सेडानसाठी माझी पसंती ३०४.

आता वाक बघा. मँड्रेल बेंडमध्ये पाइप वळणावरही गोल राहतो, साध्या दाबलेल्या वाकात आतल्या बाजूला चपटा होतो आणि सुरकुत्या पडतात. मग झाळ. टिगची (बारकाईनं करायच्या एका वेल्डिंग पद्धतीची) झाळ सारख्या अंतराच्या खवल्यांची दिसते. शक्य असेल तर टिपेतून टॉर्च मारून आत पाहा: आत काळे, भुसभुशीत गोळे दिसले तर वेल्डिंगच्या वेळी आतून वायू सोडलेला नाही, आणि ती जागा आधी तडकते. सायलेन्सर लटकवायचे दांडे जिथे जोडले आहेत ती झाळ सगळ्यात जास्त भार सोसते, तिथे नखानं चाचपून बघा.

पार्ट नंबर जुळवताना फक्त मॉडेल आणि वर्ष पुरत नाही. रिअर-व्हील आणि ऑल-व्हील ड्राइव्हचे पाइप बरेचदा वेगळ्या वाटेनं जातात. दोन टिपांच्या संचाला बंपर कापावा लागतो का, पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या आवृत्तीसाठी तो बनला आहे का, हेही बघा.

पायरी ७: कानानं खात्री करा

फोनचा मायक्रोफोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि खालचे सूर नीट पकडत नाही. म्हणून तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि तोच सांगाडा असलेली गाडी शोधून तिच्यात बसा. पुढच्या सीटवर नव्हे, मागच्या. तुमच्या तीन आरपीएमना प्रत्येकी दोन मिनिटं गाडी धरून ठेवायला सांगा आणि त्या वेळात नेहमीच्या आवाजात गप्पा मारून बघा. आवाज चढवावा लागला तर तो संच तुमच्यासाठी नाही.

कोल्ड स्टार्टही ऐका. थंड इंजिन सुरू होताना कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठी आरपीएम वाढवून इग्निशन उशिरा करतं, त्यामुळे ते पहिलं मिनिट सर्वांत मोठ्या आवाजाचं असतं. पहाटे निघणाऱ्याचे शेजारी दिवसभरातलं हेच मिनिट ऐकतात.

डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख दाखवला तर शिखराचा आकडा सोडून खालच्या आरपीएमची रेषा बघा, आणि उभी पट्टी शून्यापासून सुरू होते का तेही. जुनी आणि नवी नोंद एकाच यंत्रावर, एकाच दिवशी घेतलेली नसेल तर तुलना करू नका.

पायरी ८: बसवणं

स्वतः करणार असाल तर गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीच शिरू नका. गाडी पूर्ण गार होऊ द्या. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रबरी हँगर ओढून निघत नाहीत. साबणाचं पाणी लावलं की सरकतात. गॅस्केट दर वेळी नवं घ्या.

सगळे सांधे आधी सैल जोडा, पूर्ण संच लटकवा, टिपा बंपरच्या मधोमध आणा आणि मग इंजिनाकडून मागे येत एकेक घट्ट करा. इथे एक आकडा ध्यानात असू द्या: दोन मीटर लांबीचं ३०४ स्टील ३०० अंशांनी तापलं की साधारण १० मिलीमीटर लांबतं. गार असताना बंपरला टेकणारी टिप गरम झाल्यावर रंग जाळते. चारही बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडा, मागच्या ॲक्सलपाशी जरा जास्त. टिप बंपरच्या आत राहू नये, नाहीतर धूर गाडीखाली घुटमळून डिकीच्या फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणून केबिनखालचा बारीकसा गळका सांधासुद्धा चालवून घ्यायचा नाही.

पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर आणि वास येतो, तो पाइपावरच्या तेलाचा, काही मिनिटांत जातो. इंजिन गार असतानाच प्रत्येक सांध्याजवळ हात न टेकवता धरा. फुक-फुक वारा लागला तर तो गळतो आहे. पुढच्या काही दिवसांत सांध्याभोवती काजळीची काळी रेघ उमटली तरी तोच अर्थ. दोन-तीन वेळा पूर्ण तापून गार झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळा.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. आणि मूळ एक्झॉस्ट भंगारात देऊ नका. आतलं पाणी उलटं करून काढा, तोंडं कापडानं बांधा, त्याचे क्लॅम्प आणि हँगर एका पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवा. वाहन तपासणी असो वा गाडी विकणं, तो पुन्हा लागतो.